वंशावळीचा कागद आणि खुब्याचा सांधा

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींच्या ‘हिंस्र’ कुत्र्यांची पैदास व विक्री रोखण्यासंबंधी परिपत्रक काढले. संबंधितांशी विचारविनिमय न केल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्येच रद्द ठरविले. चर्चा पुष्कळ झाली; पण ती सारी कुत्रा माणसाला काय करील याविषयीची. पैदास करणारा माणूस कुत्र्याचे काय करतो, हा प्रश्न बाजूलाच राहिला. त्या यादीत लॅब्रॅडॉर नव्हता, आणि मध्यमवर्गीय घरांत हौसेने आणला जातो तो प्रायः हाच.

ही खरेदी मुलांच्या हट्टाखातर, पगारातून शिल्लक टाकून केलेली असते. विक्रेता केनेल क्लबचा कागद पुढे करतो. त्यावर आईबापांची, आजे-पणज्यांची नावे असतात, आणि घराणे पाहिले की गिऱ्हाईक निःशंक होते. (कुळ पाहून सोयरीक जुळविणाऱ्या समाजात हे नवल नव्हे.) वस्तुतः तो दाखला वंशाचा आहे, प्रकृतीचा नव्हे.

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींत ‘हिप डिस्प्लेसिया’ हा विकार आढळतो. मांडीच्या हाडाचे डोके खुब्याच्या खोबणीत नीट बसत नाही, सांधा झिजत जातो आणि कुत्रा लंगडू लागतो. आठ आठवड्यांच्या गुबगुबीत पिल्लाकडे पाहून हे ओळखता येत नाही. पाहावयाचे ते त्याच्या आईबापांकडे. ब्रिटनमध्ये एक वर्ष पूर्ण झालेल्या कुत्र्याचे क्ष-किरण चित्र तज्ज्ञांकडे धाडून प्रत्येक खुब्यास ० ते ५३ असे गुण देतात. बेरीज जितकी कमी तितका सांधा निर्दोष. अमेरिकेत १९६६ साली याच कामासाठी स्थापन झालेली संस्था दोन वर्षे वयाआधी अंतिम दाखला देत नाही. अर्थात आईबापांचे गुण उत्तम असले म्हणजे पिल्लू निर्दोषच निघेल असे नाही. या विकारात अनेक जनुके गुंतलेली असतात, आणि वाढत्या वयातील आहार व वजन यांचाही वाटा असतो. धोका घटतो, इतकेच. दृष्टिपटल झिजवून अंधत्व आणणाऱ्या एका विकाराचे गणित मात्र स्वच्छ आहे. दोन वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला तो होण्याची शक्यता चारात एक; वाहकाची जोडी निर्दोषाशी लावली तर एकाही पिल्लाला तो होत नाही. म्हणजे वाहकाला बाद करण्याचेही कारण नाही, आधी रक्त तपासले म्हणजे झाले.

मग तपासणी का होत नाही? जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन याचे उत्तर देऊन ठेवले आहे. मालातील दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असला, की घेणारा साऱ्याच मालाला सरासरी भाव देतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, आणि तो बाजारातून उठतो. पिल्लांच्या बाजारात नेमके हेच घडते. नर-मादीच्या तपासणीवर खर्च करणाऱ्या पैदासकाराला शेजारच्या बेफिकीर पैदासकाराइतकीच किंमत मिळत असेल, तर तो खर्च किती दिवस करील? खरा भुर्दंड पुढे पडतो, तो कुटुंबावर आणि त्या मुक्या जिवावर. औषधोपचार झेपेनासे झाले की काही कुत्रे रस्त्यावरही येतात.

आपल्याकडे २०१७ च्या केंद्रीय नियमांनी पैदासकाराची नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास मनाई केली. हे योग्यच झाले. पण नोंदणीपत्रावरून मादीचा खुबा कसा आहे ते कळत नाही. ‘डॉक्टरांनी तपासले आहे’ हे विक्रेत्याचे उत्तरही पुरेसे नाही, कारण वरवरच्या तपासणीत वाहक ओळखू येत नाही. दोन्ही जनकांचे अहवाल मागावेत आणि त्यांवरील मायक्रोचिपचा क्रमांक त्यांच्या नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहावा. असे अहवाल आपल्याकडे सहजी मिळत नाहीत हे खरे. परंतु मागणारेच नसतील तर ते तयार तरी कोण करील? ब्रिटिश केनेल क्लब जनकांचे गुण पिल्लाच्या नोंदणीपत्रावर छापतो. येथील क्लबांना तेवढे दोन रकाने वाढविण्यासाठी सरकारी परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.