गार्ड : राखणारी की खेळवणारी?

१७ एप्रिल २०२४. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात बावीस वर्षांच्या एका मुलीची पत्रकार परिषद चालू होती. दोनच दिवसांपूर्वी ‘डब्ल्यूएनबीए’ या बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये ‘इंडियाना फीव्हर’ या संघानं तिला त्या वर्षीची सगळ्यांत पहिली निवड म्हणून घेतलं होतं. तिथला एक पुरुष स्तंभलेखक उठला आणि त्यानं प्रश्न विचारायच्या ऐवजी दोन्ही हातांनी बदामाचा आकार करून दाखवला. ती म्हणाली, सामन्यानंतर मी घरच्यांना अशी खूण करते. तर, ती मलाही करत जा म्हणजे आपलं छान जमेल, अशा अर्थाचं तो बोलला. नंतर त्यानं माफी मागितली, त्याला काही दिवस कामावरून दूरही ठेवलं गेलं. पण महाविद्यालयीन स्पर्धांमध्ये ३,९५१ गुण करून आलेल्या खेळाडूचं नव्या गावातलं पहिलं ‘मूल्यमापन’ झालं ते असं.

या मुलीचं नाव केटलिन क्लार्क. मैत्रिणींनो, एवढं सांगून, थोडा संताप व्यक्त करून मला लेख संपवता आला असता. आपल्या अंकात तो बसलाही असता. पण मग मीही तेच केलं असतं जे त्या स्तंभलेखकानं केलं. म्हणजे तिच्या खेळाविषयी एक अक्षर न बोलता तिच्याविषयी बोलले असते. बाई खेळाडूवर आपण लिहितो तेव्हा तिनं सोसलेलं लिहितो, तिचं धाडस लिहितो. तिचा डावा हात कच्चा आहे का, हे कोण लिहिणार? पुरुष खेळाडूच्या बाबतीत चहाच्या टपरीवरचा पोरगाही हे बोलतो. तिच्या कामाकडे काम म्हणून बघायचं, चुकांसकट, एवढंच मला इथं करायचं आहे.

आधी गार्ड म्हणजे काय ते सांगते. बास्केटबॉलमध्ये एका संघाच्या पाच जणी मैदानावर असतात. त्यातल्या सहसा उंचीनं कमी, हातानं चपळ अशा दोघी गार्ड. त्यांतली पॉइंट गार्ड चेंडू पुढं आणते, कुणी कुठं उभं राहायचं, कुणाला कधी पास द्यायचा हे ठरवते. खेळ तिच्या डोक्यातून चालतो. पण ‘गार्ड’ या शब्दाचा अर्थ राखणारी, आणि बायकांच्या बास्केटबॉलमध्ये हा अर्थ बरीच वर्षं अक्षरशः खरा होता.

क्लार्क ज्या आयोवा राज्यातली, तिथल्या शाळांमधून १९९३ सालापर्यंत मुली सहा-सहा जणींचं बास्केटबॉल खेळत. मैदानाच्या मध्यावर रेघ. एका बाजूला तीन फॉरवर्ड, दुसऱ्या बाजूला तीन गार्ड. रेघ कुणीच ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच जमिनीवर आपटायचा. गोल करायचा तो फॉरवर्डनंच. म्हणजे गार्ड झालेली मुलगी शाळेची सगळी वर्षं बास्केट राखायची आणि तिच्या नावावर एक गुण नसायचा! या नियमांची मुळं १८९२ सालात आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं नुकताच निघालेला हा खेळ मुलींना शिकवला आणि त्यांची दमछाक होऊ नये, धसमुसळेपणा होऊ नये म्हणून मैदानाचे तीन भाग पाडले. त्या काळात मुलींना खेळू देणं हेच मोठं होतं, त्यामुळं बेरेन्सनबाईंना नावं ठेवायचा माझा विचार नाही. शिवाय आयोवातल्या गावोगावच्या बायकांचं त्या सहाजणींच्या खेळावर मनापासून प्रेम होतं, त्यांच्या राज्यस्पर्धेला तुडुंब गर्दी व्हायची. पण पुढं कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवायची वेळ आली तेव्हा गोल कधीच न केलेल्या या गार्ड मुली मागं पडू लागल्या, आणि ऐंशीच्या दशकात प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

क्लार्क जन्मली २००२ साली, म्हणजे ती रेघ पुसल्यावर नऊ वर्षांनी. आणि ती प्रसिद्ध झाली ती कशासाठी, तर त्या मधल्या रेघेच्या जवळून बास्केट करण्यासाठी.

तिची पहिली ताकद हीच समजली जाते. तीन गुणांची रेघ बास्केटपासून बावीस फुटांच्या जराशी पुढं असते. क्लार्क तिच्याही मागून, तीस-तीस फुटांवरून चेंडू टाकते. २०२४ च्या हंगामात तिनं १२२ थ्री-पॉइंटर केले, पदार्पणाच्या वर्षात एवढे कुणी केले नव्हते. परंतु मला विचाराल तर ही तिची खरी ताकद नव्हे. लांबून चेंडू टाकण्याचा उपयोग असा, की समोरच्या संघाला तिच्याकडे मैदानाच्या मध्यापासूनच जावं लागतं. एकीऐवजी दोघी धावतात. मग मागं जागा मोकळी पडते, आणि त्या मोकळ्या जागेत कोण शिरतेय हे क्लार्कला इतरांच्या आधी दिसतं. तिची खरी ताकद डोळ्यांत आहे. रिबाउंड हातात आल्याआल्या, मान वर करून, अर्धं मैदान ओलांडणारा पास ती देते आणि तो पळणाऱ्या सोबतिणीच्या पावलात पडतो. त्या वर्षी तिनं ३३७ असिस्ट केले, म्हणजे सोबतिणीच्या गोलाला थेट कारण ठरलेले पास. तो लीगचा विक्रम ठरला. १७ जुलैला डॅलसविरुद्ध एकाच सामन्यात १९. केल्सी मिचेल आणि अलिया बॉस्टन या फीव्हरच्या दोघी तिच्याआधीपासून चांगल्याच होत्या, पण २०२३ मध्ये हा संघ ४० पैकी १३ सामने जिंकला होता, २०२४ मध्ये २० जिंकला. सामन्यामागे सरासरी १९.२ गुण, ८.४ असिस्ट, आणि गार्डच्या मानानं पुष्कळच म्हणावेत असे ५.७ रिबाउंड. वर्षातल्या सर्वोत्तम नवोदित खेळाडूच्या पुरस्कारासाठी ६७ पैकी ६६ मतं तिला पडली.

आता दुसरी बाजू. ही मी आवर्जून सविस्तर लिहिते, कारण तिच्या चाहत्यांना ती ऐकवत नाही.

१४ मे २०२४ ला कनेक्टिकट सनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तिनं वीस गुण केले आणि दहा वेळा चेंडू गमावला. वर्षअखेर हा आकडा २२३ झाला. एका हंगामात एवढ्या वेळा चेंडू गमावण्याचाही विक्रम तिचाच. म्हणजे तीन असिस्टमागे दोनदा चेंडू समोरच्यांच्या हाती. हे कमी नाही. काही चुका तिच्या धाडसाच्या. सुईच्या नेढ्यातून जाईल असा पास ती एका हातानं फेकते, आणि तो दर वेळी जात नाही. काही चुका सोबतिणींच्याही, त्यांना एवढ्या लवकर पास येईल याची सवय नव्हती. पण बऱ्याचशा चुकांचं कारण सरळ आहे. कुणी अंगाला अंग भिडवून तिला डावीकडे ढकललं की तिचा चेंडूवरचा ताबा सैल होतो. कॉलेजातल्या मुली वेगळ्या, आणि दहा-दहा वर्षं पोटासाठी खेळलेल्या, अंगापिंडानं भक्कम बाया वेगळ्या. त्यांनी हे पहिल्या आठवड्यातच ओळखलं. पहिल्या नऊ सामन्यांत फीव्हर आठ हरले.

लांबचे फटकेही कौतुक बाजूला ठेवून मोजावेत. तीन गुणांच्या शंभर प्रयत्नांत तिचे साधारण चौतीस गेले. हे वाईट नाही, पण असामान्यही नाही. अवघड फटका ती फार लवकर घेते. अजून दोन पास झाले असते तर सोपा मिळाला असता, असं पाहताना वाटत राहतं. पंचांशी हुज्जत घालण्यात ती वेळ घालवते, तेवढ्यात समोरचा संघ पळालेला असतो. (हुज्जत घालते म्हणून ती ‘तोंडाळ’, असं मी म्हणत नाही. पळायचं राहून जातं, ही माझी तक्रार.)

आणि सगळ्यांत मोठी उणीव : राखण. ज्या शब्दावरून तिच्या जागेला नाव पडलं तेच काम तिला सर्वांत कमी जमतं. आपल्या वाट्याच्या खेळाडूच्या मागं जाताना मध्ये दुसरी कुणी आडवी उभी राहिली, ज्याला स्क्रीन म्हणतात, की क्लार्क अडकते. समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांनी मग ठरवूनच तिला अशा अडथळ्यांत ओढायला सुरुवात केली. चेंडू आपल्याकडे नसताना ती कधी कधी नुसती उभी राहून बघते. हा आळस नसावा. सगळा हल्ला एकटीच्या अंगावर घेतल्यावर राखायला दम उरत नाही. दमाचा हिशेबही करून बघा : नोव्हेंबर २०२३ पासून आयोवा विद्यापीठासाठी ३९ सामने, ७ एप्रिलला अंतिम सामना, पाच आठवड्यांनी व्यावसायिक पदार्पण, मग ४० सामने आणि बाद फेरीचे दोन. अकरा महिन्यांच्या आत ८१. जुलै-ऑगस्टमध्ये ऑलिंपिकमुळं लीगला महिनाभर सुट्टी होती. ऑलिंपिक संघात तिला घेतलं नाही म्हणून केवढा गहजब झाला! पण ती विश्रांती घेऊन परतली आणि त्यानंतरच्या १४ पैकी ९ सामने फीव्हरनं जिंकले. तिला वगळलं हे तिच्यावर उपकारच झाले असं मला वाटतं. पुढच्या, २०२५ च्या हंगामात दुखापतींमुळं ती तेराच सामने खेळू शकली, हेही या हिशेबाला जोडून वाचावं.

आता या खेळाबाहेरच्या गोष्टीकडे येते. बाहेरची म्हणते खरी, पण ती आत येतेच.

या लीगमधल्या बहुसंख्य खेळाडू काळ्या बायका आहेत. क्लार्क गोरी आहे. १ जून २०२४ ला शिकागो स्कायच्या शनेडी कार्टरनं चेंडू खेळात नसताना तिला धक्का मारून पाडलं. धक्का चुकीचा होता, दुसऱ्या दिवशी लीगनं तो गंभीर फाऊल ठरवला. विषय तिथं संपायला हवा होता. त्याऐवजी ‘गोड गोरी मुलगी आणि तिचा मत्सर करणाऱ्या दांडगट काळ्या बायका’ अशी गोष्ट रचली गेली. शिकागोच्या खेळाडूंना त्यांच्या हॉटेलापाशी एका माणसानं कॅमेरा घेऊन छळलं. ज्यांनी जन्मात बायकांचा सामना पाहिला नव्हता असे पुरुष एकाएकी तिचे रक्षक झाले. एका बाईला वर चढवायचं ते दुसरीला खाली दाबण्यासाठी, ही रीत आपल्याला जातीच्या संदर्भात नवीन नाही. २०२३ च्या अंतिम सामन्यात एंजल रीस या काळ्या खेळाडूनं क्लार्कला उद्देशून चेहऱ्यासमोर हात हलवला, तेव्हा तिला असंस्कृत म्हटलं गेलं. तीच खूण क्लार्कनं त्याच स्पर्धेत आधी केली होती, तेव्हा ती जिगर ठरली होती. २०२४ मध्ये एजा विल्सन ही सामन्याला जवळजवळ २७ गुण करत होती, सर्वोत्तम खेळाडू म्हणून एकमतानं निवडली गेली. तिचं नाव आपल्यापर्यंत किती पोचलं?

इथं क्लार्कलाही मोजायला हवं. आपलं नाव घेऊन असा द्वेष पसरवू नका, हे ती जूनच्या मध्यावर बोलली, विचारल्यावर. तोवर बाकीच्या बायकांनी बरंच झेललं होतं. डिसेंबरमध्ये एका मुलाखतीत तिनं गोरेपणाचा फायदा आपल्याला मिळतो हे स्वच्छ कबूल केलं आणि ही लीग काळ्या बायकांनी उभी केली असंही सांगितलं. बावीस वर्षांच्या मुलीकडून याहून जास्त मागावं का, यावर आमच्या गटात बरंच भांडण झालं. माझं मत, मागावं. उशीर हीही एक उणीव आहे, पासात असो की बोलण्यात.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या वर्षी लीगकडून तिचा पगार होता ७६,५३५ डॉलर. त्याच्या आदल्या वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये पहिला निवडला गेलेला मुलगा पहिल्या हंगामात सुमारे १ कोटी २० लाख डॉलर घेत होता. पुरुषांची लीग कमावते जास्त, हे उत्तर ठरलेलं. पण खेळाडूंच्या संघटनेचा मुद्दा वेगळा होता : उत्पन्नाचा निम्मा वाटा पुरुष खेळाडूंना मिळतो, आमचा वाटा त्याच्या आसपासही का नाही? जाहिरातींमुळं क्लार्कला स्वतःला ददात नाही. बाकावर बसणाऱ्या बाराव्या खेळाडूला तेव्हा होती. जुलै २०२५ मध्ये लीगच्या नामवंत खेळाडूंनी आपलं देणं चुकतं करा असं लिहिलेले सदरे घालून सराव केला; जांघेला दुखापत असलेली क्लार्कही त्या सदऱ्यात होती. या वेळी ती उशिरा आली नाही.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला, ती मैदानाबाहेर बसलेली असताना फीव्हरनं लीगचा कमिशनर्स कप जिंकला, आणि त्या हंगामात तिच्याशिवाय उपांत्य फेरीही गाठली. एकटीच्या खांद्यावर संघ होता म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. चेंडू पुढं आणायला आणखी कुणी असेल तर तिचे ते २२३ कमी होतील आणि पायांत राखणीपुरता दम उरेल. तिचा सामना कुठं पाहायला मिळालाच, तर चेंडू तिच्या हातात असताना सगळेच बघतात. चेंडू समोरच्या संघाकडे गेला की तिच्या पावलांकडे बघा.