पऱ्हाटीला भाव येतोय, हिशोब आधी ठरवा

फेब्रुवारी-मार्चमध्ये यवतमाळहून राळेगाव, कळंब, पांढरकवडा, कुठल्याही रस्त्याने संध्याकाळी निघा. वावरावावरातून धूर निघताना दिसतो. कापूस वेचून झालेला असतो, पऱ्हाटी उपटून ढीग लावलेले असतात. काडी लावली की वावर मोकळं. मीही कित्येक वर्षं हेच केलं, त्यामुळे कोणाला शहाणपण शिकवायला ही पोस्ट लिहीत नाही.

पऱ्हाटी जाळणारा शेतकरी अडाणी नसतो. उपटायला मजुरी लागते, वाहून न्यायला बंडी किंवा ट्रॅक्टर लागतो. ढीग धुऱ्यावर ठेवला तर त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ च्या हंगामात त्या अळीने आपलं काय केलं, ते विसरलेला माणूस या जिल्ह्यात सापडणार नाही. म्हणून पऱ्हाटी लवकर हटवा असं कृषी विभागच सांगतो. कुठे न्यायची आणि कोणाच्या पैशाने, हे मात्र कोणी सांगत नाही.

आता त्या पऱ्हाटीला गिऱ्हाईक यायला लागलं आहे. शब्द आहे बायोचार. हवा कमी ठेवून काडीकचरा तापवला की त्याची राख न होता कोळसा होतो. उघड्यावर जाळलं की कर्ब हवेत जातो. कोळसा करून मातीत घातला तर त्यातला बराचसा कर्ब दशकानुदशकं तिथेच राहतो.

मी दोन हंगामांपूर्वी हे करून पाहिलं. वावराच्या कोपऱ्यात वर पाच फूट रुंद, खाली निमुळता, तीन फूट खोल खड्डा घेतला. तळाशी थोडी पऱ्हाटी ठेवून ती वरून पेटवली. वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाकायचा. वर जाळ असतो तोवर खालच्या कोळशाला हवा मिळत नाही. पऱ्हाटी खडखडीत वाळलेली असेल तर धूर फार कमी होतो. ओली असेल तर डोळे जातात. खड्डा भरला की पाणी मारून विझवायचा. त्यालाच तीन-चार ड्रम पाणी लागलं आणि मार्चमध्ये ते कुठून आणायचं हा वेगळाच प्रश्न झाला. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०० लिटरच्या ड्रमची साधी भट्टीही बनवली आहे. पण एका वेळी त्यात थोडाच माल बसतो, दोन माणसं दिवसभर गुंततात.

कोळसा तसाच वावरात टाकायचा नसतो. कोरा कोळसा मातीतलं नत्र स्वतःच धरून बसतो आणि पहिल्या वर्षी पीक पिवळं पडू शकतं. मी तो शेणाच्या स्लरीत आणि गोमूत्रात पंधरा दिवस भिजवला, मग शेणखतात मिसळून तासात दिला. काळ्या भारी जमिनीत मला काहीच फरक दिसला नाही. टेकाडाकडच्या मुरमाड पट्ट्यात ऑगस्टच्या खंडात तूर शेजारच्या तासांपेक्षा उशिरा सुकली. एका हंगामावरून छाती ठोकून बोलणार नाही, पण त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. कोळसा स्पंजसारखा सच्छिद्र असतो. हलक्या जमिनीत तो पाणी धरतो, आपली काळी माती मुळातच पाणी धरणारी आहे.

हे सांगायचं कारण असं, की सध्या प्रत्येक भाषणात ॲमेझॉनच्या काळ्या मातीची गोष्ट ऐकू येते. गोष्ट खरी आहे. तिथल्या लोकांनी शेकडो वर्षं कोळसा, हाडं, खरकटं घालून ती माती घडवली. पण तिथली मूळ जमीन आम्लधर्मी. कोळसा असतो अल्कधर्मी, म्हणून तिथे तो चुन्याचंही काम करतो. आपल्याकडे उलटं आहे. माझ्या वावराचा सामू ८.१ आहे. चुनखडीच्या जमिनीत राख आणि कोळसा डोळे झाकून ओतायचा नसतो. आधी माती तपासा, मग ठरवा.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. एकरात साधारण १ टन वाळलेली पऱ्हाटी निघते. तिचा कोळसा होतो २०० ते २५० किलो. ज्या प्रयोगांचे आकडे आपल्याला दाखवतात, त्यातल्या अनेकांत हेक्टरी ५, १०, कधी २० टन कोळसा घातलेला असतो. म्हणजे आपल्या एकराच्या पऱ्हाटीत आपल्या एकराचं भागत नाही. पाच-सात वर्षं दरवर्षी थोडा थोडा, मुळाजवळ, खतासोबत दिला तरच अर्थ आहे. एका वर्षात उत्पन्न दुप्पट म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग कंपन्यांना यात एवढा रस का? कारण त्यांचा माल पीक नसून कर्ब आहे. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीशी बायोचारचा करार केला, २०३० पर्यंत १ लाख टन कार्बन क्रेडिटचा. यात मला वाईट काही दिसत नाही. हवेतला कर्ब मातीत पुरायला जग पैसे देत असेल तर द्यावेत. पण आपला हिशोब आपण करू. २०० किलो कोळशात ७० टक्के कर्ब धरला तर १४० किलो. त्याला ३.६७ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइडमध्ये साधारण ५०० किलो. घट-तूट काढून ४०० धरा. टनाला १०० डॉलर भाव आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर एकरामागे ३,४०० रुपये होतात. भट्टी, वाहतूक, मोजमाप, तपासणी हे सगळं त्यातूनच जाणार, मान्य. पण पऱ्हाटीवाल्याच्या हातात किती येणार, हे त्याला पऱ्हाटी देण्याआधी कळायला हवं. जिनिंगच्या दारात उभं राहून भाव विचारायची सवय आपल्याला आहेच. इथेही विचारा.

आता खरं बोलायचं ते. खड्डा पेटवला त्या दिवशी आमच्याकडे वर्षानुवर्षं कापूस वेचायला येणारी काकू धुऱ्यावर येऊन उभी राहिली. थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, पऱ्हाटी तुम्ही खड्ड्यात घातली त मी चुलीत काय घालू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे रीतच आहे, बाया पऱ्हाटी उपटून देतात आणि त्यातल्या मोळ्या घरी नेतात. त्यावर त्यांची पावसाळ्यापर्यंतची चूल चालते. तिच्या घरात गॅस आहे, पण टाकी भरायला पैसे सणासुदीलाच असतात. ज्याला मी, कंपनी आणि सरकार सगळे मिळून कचरा म्हणतो, ते तिचं सरपण आहे. पऱ्हाटीला भाव आला की पहिला घाव तिच्यावर बसणार, आणि कुठल्याच करारात तिचं नाव नसणार.

२०१७ मध्येच याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं मेली. औषध गावोगाव पोचलं होतं, त्यापासून जीव कसा वाचवायचा ते पोचलं नव्हतं. पंप पाठीवर घेणारे बरेचसे मजूर होते. नवीन गोष्ट आली की तिची झळ आधी कोणाला लागते, हे आपल्याला पुन्हा शिकायची गरज पडू नये.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. करार मराठीत, लेखी आणि क्रेडिटच्या विक्रीभावाचा आकडा दाखवणारा असावा. तयार कोळशातला काही वाटा वावरात परत यावा, निदान हलक्या जमिनीवाल्यांना. भट्ट्या शेतकरी कंपनीच्या किंवा बचतगटाच्या मालकीच्या असाव्यात. पोकरासारखी योजना या जिल्ह्यात २०१८ पासून आहे, तिच्यातून भट्ट्यांना मदत देता येईल. भट्टीवरच्या कामाची रोजंदारी आधी उपटणाऱ्या बायांना मिळावी. आणि कोणत्याही गावातली सगळी पऱ्हाटी उचलू नये, चुलीचा वाटा आधी बाजूला काढावा.

या वर्षी मी तेच केलं. जाड काड्यांच्या मोळ्या काकूच्या, बारीक काड्या खड्ड्याच्या. कोळसा कमी झाला, फक्त मुरमाड पट्ट्यापुरता. तेवढाच हवा होता.