हातभार नको, भाव लिहा

जळगाव-धुळ्याच्या बचत गटांची विक्रीपत्रं माझ्या वाचनात येतात. आता ती अनोळखी दुकानदारांना, खानावळींना ईमेलनं जातात. सुरुवात मात्र जुनीच: ‘आम्ही गरजू महिला असून आमच्या उपक्रमास हातभार लावावा.’

माझा विरोध या वाक्याला आहे. हातभार मागितला की समोरचा माल बघत नाही, दया करतो. दयेची ऑर्डर एकदाच मिळते आणि भावही तोच ठरवतो. केळी सोलण्यापासून वेफर्सचं पाकीट बंद करण्यापर्यंतची बाईची मजुरी त्यात कुठेच धरलेली नसते.

१९५९ मध्ये गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ सुरू केलं. त्यांनी देणगी मागितली नाही, पापड विकले.

तेव्हा मैत्रिणींनो, पत्र आठ ओळींचं पुरे. विषयात मालाचं नाव आणि गाव. पहिल्या ओळीत, हा माल त्याच दुकानात का खपेल ते. मग वजन, भाव, टिकण्याचे दिवस, अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक. शेवटी एकच प्रश्न: नमुना कधी पाठवू? खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबर, नवऱ्याचा नको.

उधारीचंही स्पष्ट लिहा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं २००६ च्या कायद्यानं खरेदीदारावर बंधनकारक आहे.

पुढच्या बैठकीत आधी मजुरी धरून भाव काढू या. पत्र त्यानंतर.