दोष कळविण्याचे कर्तव्य

दुसऱ्याच्या कामात दोष काढणाऱ्याकडे आपण थोड्या अनादरानेच पाहतो. हा अनादर मला सर्वस्वी उचित वाटत नाही.

संगणक प्रत्येक संख्या ठराविक मापाच्या घरात साठवितो. बत्तीस द्विमान अंकांच्या घरात धन व ऋण अशा दोन्ही संख्या ठेवावयाच्या, तर मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ ही होय. तीत एक मिळविला की बेरीज वाढण्याऐवजी बहुधा एकदम ऋण होते. पायलीतून ओसंडलेले धान्य निदान जमिनीवर दिसते. येथे काहीच दिसत नाही, आणि यंत्र त्या खोट्या आकड्यावर पुढचा हिशेब निमूटपणे करीत राहते.

एस्क्यूलाइट हे माहिती साठविणारे सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असते. धारूरच्या बाजारातील दुकानदाराच्या खिशातही. त्याची संहिता कोणीही वाचावी अशी खुली आहे. तरीही ऑक्टोबर २००० मध्ये तीत शिरलेला ओसंडण्याचा एक दोष जुलै २०२२ पर्यंत तसाच राहिला. लिहिणारे निष्काळजी होते काय? मला तसे वाटत नाही. तो दोष जागा होण्यास अब्जावधी अक्षरांचा मजकूर लागे, आणि तेव्हाच्या बहुतेक संगणकांत तो मावतच नसे. धारूरच्या किल्ल्यास तीन बाजूंनी खोल दऱ्या आहेत. तिकडून शत्रूचे भय कमी, म्हणून मुख्य बंदोबस्त सपाटीच्या बाजूस केलेला दिसतो. त्यात चूक ती कोणती? परंतु संगणकाच्या जगात दऱ्या हळूहळू भरून येतात. यंत्रांची स्मृती वाढली आणि निरुपद्रवी ओळ धोक्याची झाली.

संहिता खुली आहे, म्हणजे ती कोणीतरी वाचतच असेल, असे जो तो समजतो. अशा समजुतीने दोष सापडत नाहीत. ज्याला तो दिसला त्याने कळविला पाहिजे. मग तो परदेशातील तज्ज्ञ असो की धारूरचा विद्यार्थी. मात्र "तुमचे सॉफ्टवेअर बिघडले आहे" एवढे लिहिणे म्हणजे कळविणे नव्हे. कोणती आवृत्ती, कोणती आज्ञा दिली, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे दुसऱ्याला स्वतः करून पाहता येईल असे लिहावे. दोषाचा दुरुपयोग होण्यासारखा असेल, तर बोभाटा न करता प्रथम सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांनाच सांगावे. एस्क्यूलाइटच्या बाबतीत असेच झाले. जुलै २०२२ मध्ये शोधकांनी दोष कळविला, त्याच महिन्यात सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि सविस्तर हकीकत ऑक्टोबरात प्रसिद्ध झाली.

दुरुस्ती तरी केवढी? मोजणीची काही घरे बत्तीसऐवजी चौसष्ट अंकांची करण्यात आली.