बिनकुलपाची सायकल

पुण्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला कुणी सायकलीबद्दल दोन गोष्टी शिकवू लागलं, की त्याला हसू येतं. २०२३ च्या ऑगस्टात आम्ही उभयता पुतण्याकडे हॉलंडात गेलो, तेव्हा मलाही येत होतं. अ‍ॅम्स्टरडॅमजवळ त्याचं बिऱ्हाड. एका रविवारी त्यानं आम्हांला मोटारीत घातलं आणि ओटर्लो गावी आणून सोडलं. तिथं ‘होगे व्हेलूवे’ नावाचं राखीव रान आहे; चांगलं ५,४०० हेक्टरांचं.

दाराशी पांढऱ्या सायकलींची ही रांग! प्रवेशाचं तिकीट काढलं, की हवी ती उचलायची. भाडं नाही, कुलूप नाही.

“काका, हिला हातात ब्रेक नाही हं. पायडल उलटं मारायचं,” सूनबाई म्हणाली.

मी जाणत्यासारखी मान हलवली. पहिल्याच उतारावर बोटं ब्रेक शोधत राहिली, पाय गोंधळले आणि मी रस्त्याकडेच्या झुडपांत जाऊन बसलो. ऑगस्टात तिथला माळ हीदरच्या फुलांनी जांभळा होतो. ती फुलं इतक्या जवळून पाहणारा मी एकटाच असेन.

मान वर करतो तो काय, ही मला ओलांडून पुढं गेलेली! चौसष्ट वर्षांची माझी बायको, सुनेची विजार घालून, ताठ बसून सायकल हाणत होती.

ही सांगलीची. कॉलेजात सायकलवरून जायची. १९८२ साली लग्न झालं तेव्हा माहेरची सायकल बरोबर आली होती. “आता कुठं सायकल चालवणार?” असं घरात कुणीतरी म्हणालं. कुणीतरी म्हणजे मीच. पुढं स्कूटरचा नंबर लागला आणि पैशांची जुळवाजुळव करताना मी ती विकून टाकली. तिला विचारलं नव्हतं. तीही कधी त्यावर बोलली नाही.

रानाच्या मध्यावर क्रोलर-म्यूलर संग्रहालय आहे, १९३८ साली उघडलेलं. व्हॅन गॉगची जवळजवळ नव्वद चित्रं त्यांच्या संग्रही आहेत. मी चित्रांपुढं उभा, तर ही दर दहा मिनिटांनी विचारी, “सायकल जाग्यावर असेल ना हो?” पुणेकरणीच ती! कुलपाशिवाय सायकल सोडायची म्हणजे दानच की.

बाहेर आलो तर तिची सायकल खरंच गेलेली. कुणीतरी नेली होती. तिथली रीतच तशी.

“या खेपेला मी नाही हं विकली,” मी म्हणालो. करायची होती थट्टा, पण आवाज नीट निघेना.

हिनं माझ्याकडे पाहिलं. “दीडशे रुपयांना दिलीत. घंटी नवी होती तिची.”

मग रांगेतली दुसरी सायकल ओढून ती वर बसलीसुद्धा.

“चला आता. आणि उतार आला, की पायडल उलटं मारा.”