किल्ल्यांचा जुडगा परक्या हाती!

विशेष प्रतिनिधी

अमेरिकेच्या सायबर सुरक्षा व पायाभूत सुविधा सुरक्षा संस्थेने ११ एप्रिल २०२४ रोजी एक छोटेखानी सूचना प्रसृत केली. 'सायसेन्स' या कंपनीची सेवा घेणाऱ्या ग्राहकांनी त्या सेवेशी संबंधित पासवर्ड आणि अन्य गुप्त संकेत त्वरित बदलावेत, असा तिचा आशय होता. सायसेन्स ही ना बँक, ना दूरध्वनी कंपनी. ग्राहक कंपन्यांच्या निरनिराळ्या डेटाबेसमधील आकडे एकत्र करून ते आलेखांच्या रूपात व्यवस्थापनापुढे मांडणारी 'बिझनेस इंटेलिजन्स' प्रणाली ती पुरवते. अशा कंपनीसाठी सरकारी यंत्रणेला जाहीर इशारा द्यावा लागला, याचे कारण या प्रणालीच्या कार्यपद्धतीतच दडलेले आहे.

आलेख काढायचा तर प्रणालीला मूळ डेटाबेसपर्यंत पोहोचावे लागते. त्यासाठी सर्व्हरचा पत्ता, खात्याचे नाव आणि पासवर्ड ग्राहकाकडून एकदा भरून घेतला जातो आणि प्रणालीतच साठवला जातो. येथे एक तांत्रिक अडचण आहे व तिची चर्चा फारशी होत नाही. आपण एखाद्या संकेतस्थळावर प्रवेश करतो तेव्हा तेथे आपला पासवर्ड मूळ स्वरूपात ठेवण्याची गरज नसते. त्याचे उलट न फिरवता येणारे गणिती रूप ठेवले तरी पडताळणी होते. डेटाबेसच्या जोडणीला ही सोय उपलब्ध नाही. पहाटे तीन वाजता प्रणाली स्वतःहून ताजे आकडे आणायला निघते, तेव्हा तिला खरा पासवर्डच सादर करावा लागतो. म्हणजे तो कूटबद्ध करून ठेवला तरी उलगडण्याची सोय जवळच ठेवावी लागते. शिवाय त्या वेळी मोबाइलवर आलेला ओटीपी भरायला माणूस हजर नसतो. त्यामुळे दुहेरी पडताळणीचे कवचही गळून पडते.

सायसेन्समध्ये नेमके काय घडले, याचा तपशील प्रथम पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी सूत्रांच्या हवाल्याने दिला. त्यांच्या वृत्तानुसार, कंपनीच्या गिटलॅबवरील प्रोग्रॅमच्या भांडारात हल्लेखोरांचा शिरकाव झाला, तेथे त्यांना अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरील साठ्याची किल्ली मिळाली आणि ग्राहकांचे लक्षावधी प्रवेश-टोकन, पासवर्ड व प्रमाणपत्रे त्यांच्या हाती लागली. एका घराची कडी निघाली आणि आत शेकडो घरांच्या किल्ल्यांचा जुडगा सापडला, असाच हा प्रकार!

तथापि, सारा दोष सेवा पुरवणाऱ्याच्या माथी मारून ग्राहकाला मोकळे होता येणार नाही. त्याच वर्षी 'स्नोफ्लेक' या क्लाउडवरील माहितीसाठ्याच्या ग्राहकांवर ओढवलेले संकट त्याची साक्ष देते. मँडियंट या तपास संस्थेने जून २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, सुमारे १६५ ग्राहक संस्थांना धोक्याची सूचना द्यावी लागली. स्नोफ्लेकची स्वतःची यंत्रणा फोडली गेल्याचा पुरावा मँडियंटला आढळला नाही. संगणकांत शिरलेल्या चोरट्या प्रोग्रॅमनी पूर्वीच पळवलेले पासवर्ड तेवढे वापरले गेले आणि त्यांतील काही चोऱ्या थेट नोव्हेंबर २०२० पर्यंत मागे जात होत्या. साडेतीन वर्षे तो पासवर्ड बदलावा, असे कोणालाही वाटले नव्हते. दुहेरी पडताळणी नव्हती. ठरावीक पत्त्यांवरूनच प्रवेश मिळेल असे बंधनही नव्हते. 'एटी अँड टी'च्या जवळजवळ सर्व मोबाइल ग्राहकांच्या २०२२ मधील सहा महिन्यांच्या कॉल व संदेशांच्या नोंदी, त्यांतील मजकूर वगळता, याच मार्गाने गेल्या.

उपाय अज्ञात आहेत, असे नाही. आलेखांसाठी वेगळे खाते काढावे, त्याला फक्त वाचनाचा अधिकार द्यावा आणि तोही मूळ डेटाबेसऐवजी त्याच्या प्रतीवर, आवश्यक तेवढ्याच रकान्यांपुरता. विक्रीचा मासिक आलेख पाहणाऱ्याला ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक कशाला हवा? पासवर्डऐवजी अल्पमुदतीचे टोकन वापरता येते. मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवर बीआय'सारख्या प्रणालीत डेटाबेस स्वतःच्या आवारात ठेवून, तेथे बसवलेल्या गेटवेमार्फत केवळ आतून बाहेर जोडणी करण्याची सोय आहे. बाहेरून आत येणारे दार उघडावेच लागत नाही. पण प्रत्यक्षात घडते ते वेगळे. अहवाल सोमवारच्या बैठकीपूर्वी हवा असतो, स्वतंत्र खाते मिळायला आठवडा लागणार असतो, मग प्रशासकाचाच पासवर्ड 'तात्पुरता' भरला जातो. आपल्याकडच्या कार्यालयांत तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य किती दांडगे असते, हे वाचकांना सांगायला नको.

टोकन हाही रामबाण नव्हे, हे ऑगस्ट २०२५ मध्ये दिसले. 'सेल्सलॉफ्ट'च्या 'ड्रिफ्ट' या संवाद-प्रणालीकडची टोकन चोरून हल्लेखोरांनी अनेक कंपन्यांच्या 'सेल्सफोर्स'मधील माहितीवर हात मारला. गूगलच्या अंदाजानुसार बाधित संस्थांची संख्या ७०० च्या वर होती. टोकन कोणाकडे आहे, त्याने काय काय उघडते आणि ते केव्हा निकामी होते, याची यादीच नसेल तर इशारा मिळूनही कोणती कुलपे बदलायची, हे कळत नाही.

भारतीय कंपन्यांना हा विषय यापुढे परदेशातील बातमी म्हणून वाचता येणार नाही. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याचे 'सर्ट-इन'चे बंधन २०२२ पासून आहेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि माहितीवर प्रक्रिया करण्याचे काम दुसऱ्या कंपनीला दिले असले तरी उत्तरदायित्व मूळ कंपनीचेच राहते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत कूटबद्धता, प्रवेशावरील नियंत्रण आणि प्रवेशाच्या नोंदी एक वर्ष जपणे यांचा स्पष्ट उल्लेख असून, या तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे. जुन्या जोडण्या शोधून त्या बंद करण्याच्या कामाला एखाद्या मोठ्या बँकेत वा विमा कंपनीत एवढा काळ सहज लागू शकतो.