ब्लर मारा, पण आजीला नको!

आजी-आजोबांचा दोघांचा असा एकही फोटो नव्हता. म्हणून आजीच्या वर्षश्राद्धासाठी दोन वेगळे फोटो जोडायला दिले. परवा फ्रेम घरी आली आणि कुणी बोलेचना. सुरकुत्या गायब. कपाळावरचं हिरवं गोंदणही गायब! "ब्लर मारून एकदम क्लीन केलंय," दुकानातला पोरगा खुशीत म्हणाला होता.

मी ब्लरच्या विरोधात नाही बरं का. फोटो जोडताना तो लागतोच. कापलेल्या कडेला एक-दोन पिक्सेल ब्लर नसेल तर माणूस कात्रीनं कापून डकवल्यासारखा दिसतो. मागं रंकाळा टाकलात तर तोही जरा धूसर हवा. पण गॉशियन ब्लर करतो काय? प्रत्येक पिक्सेलला आजूबाजूच्या पिक्सेलांची सरासरी देतो. कडेला त्यानं जोड लपतो. चेहऱ्यावर मारला की माणूसच सरासरी होतो! आणि मूळ लेयरवरच मारून सेव्ह केलं, की गेलेलं परत येत नाही.

आणि हे कुठं? तर बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात! नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या माणसानं स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. मागचा पडदा रंगवलेला चालतो हो, पुढचा माणूस खरा लागतो.

असो. आत्या, तुझ्याकडची आजीची मूळ प्रत जपून ठेव. उद्या न्यायला येतोय. गोंदणासकट आजी हवी आहे.